लेलिस्टाड, पातळी दोन

पेन्शन कंपनीच्या सहाव्या मजल्यावर
तीन दिवस मी विचारतोय :
चाचणीचा आराखडा कोण लिहितं? सही कोणाची?
हेसल दर उत्तराला एक तक्ता उघडतो.
सगळे चौकोन हिरवे.
कागदावर पाणी कुठेच मुरत नाही,
समुद्रसपाटीखालच्या या गावातसुद्धा.

चौथ्या दिवशी कॉफीच्या यंत्रापाशी चित्स्के.
एकोणीस वर्षं इथेच. खणात एक वही,
कुठल्याच प्रक्रियेत नसलेली.
ती वाचून दाखवते :
एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेले.
दोनदा घटस्फोट, दोन्ही वेळा त्याच माणसाशी.
नवऱ्यामागोमाग दोन दिवसांत गेलेली एक बाई,
तिला पत्र गेलं होतं –
‘तुमची रक्कम वाढली, अभिनंदन.’

‘हे तुमच्या अहवालात कुठे बसतं?’

माझ्याकडे साडेतीनशे रकाने.
वहीला एकही नाही.

रात्री हॉटेलात लिहितो : पातळी तीन.
खोडतो. दोन.
मग शिफारस क्रमांक एक :
चित्स्के मे महिन्यात निवृत्त होते आहे.
तोवर कोणीतरी
तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसावं.

उद्या हेसल विचारणार,
किती तास धरायचे?