कोनसेट

सरळ धरलं की टक् करून जागेवर बसायचं हँडल.
मी सांगत फिरायचे, गाडीला रस्ता पाठ झालाय.
हर्णैच्या लिलावातून ओल्या वाळूवरून निघायचं,
आसूदच्या पोफळींमधून चढायचं,
साडेनऊच्या आत दापोलीचा बाजार.
मागे क्रेट, क्रेटात बर्फ, बर्फाखाली बांगडा,
आणि पाठीवरून कमरेत उतरणारं खारं पाणी.
अकरा वर्षं.

सत्तार मुकादमाने इंजिनाखाली जांभा सरकवला,
पुढचं चाक अधांतरी केलं,
दोन बोटांनी हँडल फिरवलं.
टक्.
परत फिरवलं.
टक्.
"शहाणी नाय झालेली ही, प्रमिलाताई.
हिच्या मानेत खड्डा पडलाय."

मग लाइट लोंबला वायरींवर,
चाक निघालं, शॉकअप निघाले,
आणि मान खाली ओढली तेव्हा ग्रीस नव्हतंच आत.
तांबडा चिखल होता, आणि त्यात वाळू,
आमच्याच किनाऱ्याची, मी ओळखते.

छर्रे त्याने करवंटीत रॉकेलमध्ये टाकले.
वरचे एकवीस भरले.
खालचे अठरा हवेत, सतराच.
आम्ही गोणपाट झटकलं, चपला उलट्या केल्या,
त्याच्या कोंबडीकडेही जरा संशयाने पाहिलं.
पण मला आठवत होतं:
मागच्या वेळी हे हरेश्वरने घरीच बसवले होते,
ओटीवर, पेट्रोमॅक्सच्या उजेडात,
आणि मोजायला मला बसवलं होतं.
अठरा, मी म्हणाले होते. अगदी खात्रीने.
हरेश्वर आता वेरावळच्या बोटीवर असतो.
गणपतीला येतो.
मागच्या गणपतीला नाही आला.

सत्तारने खालची वाटी माझ्या हातात दिली.
कडेला गुळगुळीत, कालच आणल्यासारखी.
मधोमध मात्र खळ्या, ओळीने,
नख अडकेल एवढ्या.
"एवढ्या वळणांचा रस्ता," मी म्हटलं, "मग झीज मध्येच कशी?"
"वळताना कुठे दणका बसतो?
तुम्ही खड्ड्यात गाडी सरळ घालता, हात घट्ट धरून.
मग सगळा मार एकाच जागी."
मी काही बोलले नाही.
वाटी थोडा वेळ हातातच ठेवली.

"बर्फ हाय ना?" त्याने विचारलं.
नव्या वाट्या प्लास्टिकमध्ये गुंडाळल्या
आणि बांगड्याखाली पुरल्या अर्धा तास.
थंडीने लोखंड आकसतं. केसभरच,
पण केसभरच लागतं.
फ्रेमच्या नळीवर किटलीतलं कढत पाणी ओतलं,
जुनी वाटी उलटी वर धरून हातोडा मारला.
ठण्. ठण्. ठण्.
मग ठप्प.
"आवाज बदलला की बसली समजायचं."
गॅरेजभर बांगड्याचा वास, आणि मांजर दारात.

ग्रीसमध्ये एकेक छर्रा रोवला त्याने,
वाकून, तरव्यासारखा.
या वेळी मी दोनदा मोजले.
दुसऱ्यांदा बोट लावून.

नट आवळला, पुन्हा पाव फेरा सोडला.
हँडल मधोमध धरून हळूच हात काढला
आणि ते आपल्या वजनाने कललं डावीकडे,
मध्ये कुठेच न अडता,
झोपेत कूस बदलावी तसं.

परतताना आसूदच्या उतारावर दोनदा डगमगले.
हात जुन्या टक्ची वाट बघत होते.
ती येईना.
सरळ जायचं तरी आता सांगावं लागतं गाडीला,
दर क्षणी, थोडं इकडे, थोडं तिकडे,
आणि खांदे असे दुखले
जसे शिकताना, हरेश्वर मागे धावत असताना, दुखले होते.

वाट्या ज्यांच्याखाली होत्या ते सहा बांगडे
सत्तारच्या घरी दिले. मजुरीत धरू नका, म्हटलं.
त्याने धरले.

सतरा छर्रे सुट्ट्या पैशांच्या डब्यात टाकलेत.
उद्या बाजारात घाईघाईत
कुणाच्या तरी तळहातावर जाईल एखादा,
रुपयाबरोबर,
आणि ती बाई तो परत करायला
माझ्या मागे ओरडत येईल.