ओल

वेंगुर्ल्याच्या एसटीत तळेवाडीचं तिकीट मागितलं,
कंडक्टर म्हणाला, "मास्तरांच्या घराकडे? मगे तसा सांगा."
म्हणजे थांबाही आता आरोंदेकर मास्तरांचाच.

प्रवेश वीस रुपये. चपला पायरीवर.
चिऱ्याच्या भिंतींना आतून नवा पांढरा रंग
आणि त्या रंगावर, जमिनीपासून हातभर,
परत उगवलेला जुना हिरवट डाग.

पहिल्या खोलीत शाली, सन्मानपत्रं,
चांदीचा एक नारळ, कुठल्या गावचा ते पुसलं गेलेलं.
पुढे चष्मा, पानाचा डबा, दम्याचा पंप,
नाटक कंपनीच्या हिशेबाची वही.
तिच्या मागल्या पानावर
गाजलेल्या पदाची पहिली ओळ
आणि खाली लगेच: खोबरेल, दोन बाटल्या.
मी हसले. राखणदार गुणाजीही हसला.
"हंय सगळेच हसतत."

मग तळ्याकडची खोली.
खिडकी एवढी की आधी पाणीच आत येतं,
लांब बोटांचा एक कमळपक्षी पानापानावरून चालत,
आणि मग दिसते काचेतली पेटी.
पाटीवर लिहिलंय:
या तळ्याने मास्तरांना सूर दिले.

"दिता खंय? व्हरता," बाबा म्हणायचे.
"तळा सूर व्हरता,
मी दर दसऱ्याक परत हाडून दितंय."

कुडाळचे सगुण मेस्त्री.
राग एकही ओळखत नसत, पट्ट्या ओळखत.
काळी चार, पांढरी दोन,
शेजाऱ्यांना हाक मारावी तशी नावं घेत.
पावसात फुगलेलं लाकूड उन्हाला देत,
पितळी सूर एकेक उपसून कानाशी धरत.
टोकाशी खरवडला की चढतो,
मुळाशी खरवडला की उतरतो.
माणसाचंही तेच, असलं काही ते कधी बोलले नाहीत.
म्हणत फक्त, "दिवो हंय धर."

मी धरायचे. आठ वर्षांची.
मास्तर याच खिडकीत पाठमोरे,
तास तास गप्प, आणि एकदाच म्हणाले,
"मेस्त्री, हे घर वरच्या वाडीत बांधायला हवं होतं."
परतीच्या वाटेवर बाबा हळूच म्हणाले,
"नशीब, बांधूक नाय."
त्या ओलीवर आमची चूल पेटत होती.
सहा रुपये, एक नारळ,
एका वर्षी माझी छत्री.

पाटी सांगते, मास्तरांच्या पश्चात पेटी उघडलेली नाही.
म्हणजे आतल्या फळीवर, पेन्सिलीने,
तारखा असतील अजून, एकीखाली एक,
बाबांच्या अक्षरात,
प्रत्येक ऑक्टोबरमधला ट आडवा पडलेला.
बाहेरून दिसतात फक्त पट्ट्या.
त्यातली एक केसभर खाली.

गुणाजी जेवायला निघाला होता. मी विचारलं.
त्याने तळ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं,
काच उचलली. "एकच हां. आणि सांगू नका कोणाक."
भाता मी ओढला, पट्टी दाबली.
आधी नुसता खोकला.
मग त्यामागून सूर,
गंजलेला, उतरलेला, पण येणारा.
माझी मान आपोआप डावीकडे कलली,
बाबांची कलायची तशी.

दारात अभिप्रायाची वही.
भारावून गेलो. मन प्रसन्न झालं.
पार्किंगची सोय हवी.
मी लिहिलं: मधली काळी चार उतरली आहे.
पावसाआधी कोणाला तरी दाखवा.

गुणाजीने बोट ठेवून वाचलं.
"कोणाक दाखवू?"

बाबांची कानस घरी बिस्किटांच्या डब्यात आहे,
बटणांच्या तळाशी.
मी चपलांत पाय सरकवले.
परतीची एसटी साडेतीनला,
आणि कुडाळ काही लांब नाही.