शेरा

सोहारच्या औद्योगिक वसाहतीत रात्री साडेआठला
चार नंबरचा पाण्याचा टँकर आत आला
आणि मी नेहमीसारखं टॉर्च मारून मीटर वाचलं:
९९९९८३.

पेन रजिस्टरवर टेकवलं, उचललं.
खेडच्या शाळेत साटविलकर सर फळ्याच्या कोपऱ्यात
आठवडाभर एकच संख्या ठेवायचे, पुसू द्यायचे नाहीत.
सहा अंकांत मावणारी सगळ्यात मोठी मूळ संख्या, म्हणाले होते,
करून बघा.
कोणी केलं नव्हतं.

मुराद बलुशीने किल्ली पुढे केली. काय झालं?
हिला भाग जात नाही.
कशाने?
कशानेच.
तुला काय माहीत?

खरंच, मला काय माहीत.

डिझेलच्या पावत्यांच्या पाठीवर चाळणी मांडली.
हजाराच्या आतल्या मूळ संख्या एकशे अडुसष्ट,
तेवढ्या पुरतात; हजाराचा वर्गच हिच्या पुढे जातो.
दोन आणि पाच बघताक्षणी बाद. अंकांची बेरीज सत्तेचाळीस, म्हणजे तीनही नाही.
सातने पाच उरले. अकराने सहा. तेराने दहा. सतराने नऊ.
कॅल्क्युलेटर होता, पण त्याची सातची कळ
एकदा दाबली की दोनदा उमटते.

मुराद सुलेमानी घेऊन समोर बसला.
त्याच्या गावात फलज आहे, डोंगराच्या पोटातून आणलेला पाट.
आजोबा चांदण्या बघून पाण्याच्या पाळ्या मोजायचे,
आणि वाटून जे उरे ते कोणाच्याच बागेत जात नसे.
ते पाटाचं. त्यातून पाटाची डागडुजी.
उरलेलं म्हणू नको, म्हणाला,
तो पहिला हिस्सा, फक्त शेवटी मोजलेला.

आमच्याकडे फोनवर सगळं बोलून झालं की
बायको विचारते, बाकी काय?
सव्वीस वर्षं मी सांगतोय, बाकी काही नाही.

एकतीसने सोळा.
मग बराच वेळ नुसतं पेन.
दीडच्या सुमाराला शेवटची, नऊशे सत्त्याण्णव:
बाकी नऊशे एकोणनव्वद.
आठ कमी पडले. आठ जास्त असते तर भाग गेला असता
आणि मी झोपायला.

आणखी एक होतं. चारने भागून तीन उरतात,
म्हणून ही दोन वर्गांची बेरीजही होत नाही.
मुराद म्हणाला, म्हणजे दोन चौकोनी वाफे जोडून
एवढी जमीन व्हायची नाही?
नाही व्हायची.
त्याला हे भागाकारापेक्षा जास्त पटलं.

पाचला टँकर शिनासच्या लेबर कँपकडे निघाला.
फाटकाबाहेर पहिल्या चौकातच शेवटचा तीन वळून चार झाला असेल,
सम, दोनने जाणारा, चारचौघांसारखा.
सतरा किलोमीटरवर सहाही चाकं एकदम फिरतील.
पुढची मूळ संख्या दहा लाख तीन,
ती या मीटरात मावत नाही. ते दाखवेल तीन.
तीनसुद्धा मूळच. रात्र न जागता.

रजिस्टरात शेऱ्याचा रकाना असतो, कायम कोरा.
त्यात मराठीतच लिहिलं: भाग जात नाही.

दुपारी स्टोअरमधून दापोलीच्या परकारांचा फोन.
चार नंबरचा कुठला भाग जात नाही?
दुबईहून मागवू का?

म्हटलं, कुठलाच.