पोटखराबा

आटपाडीच्या वर, माळावर
मोजणीचं मशीन टेकवलं तर
गुडघाभर कुसळी,
तांबूस, एका अंगाला कललेली.
मी कागदावर लिहिलं : पोटखराबा.

यमाक्का ढोणे मेंढीच्या लोकरीतून
कुसळं वेचत होती.
मान वर न करता म्हणाली,
"खराबा? कुणाच्या पोटाला?"

मग एक कुसळ थुंकीनं ओलं करून
तिनं माझ्या तळहातावर ठेवलं.
ते हललं.
पीळ सोडत, स्वतःभोवती फिरत
माझ्यातच माती शोधायला लागलं.

रात्री लॉजवर मोजे झाडले.
अकरा निघाली.
खिडकीतल्या वाळक्या कुंडीत ठेवली,
तांब्यातलं उरलेलं पाणी ओतलं
आणि कुणी बघत नाही ना, पाहिलं.

बारावं टाचेत होतं.
नखाला लागत नव्हतं.