कलम सात (क)

तडजोडीचा नमुना वकिलांकडे पुण्याहून आला होता,
कुणाच्या तरी जुन्या प्रकरणातला, नावं खोडून.
त्यात उन्हाळ्याची सुट्टी चौदा जूनला संपत होती.
आम्ही सह्या केल्या.
दोघांपैकी एकालाही आठवलं नाही
की नागपुरात शाळा जूनच्या शेवटी उघडतात,
आपलं ऊन पुण्याच्या कॅलेंडरनं चालत नाही.

दिवाळी अर्धी-अर्धी, हे छापीलच होतं.
विजयादशमी आम्ही पेनानं घातली, समासात.
दीक्षाभूमीवर कोण नेणार, एक वर्षाआड,
खाली दोघांची आद्याक्षरं.
तेवढ्याच एका ओळीला आवाज चढले नव्हते.

सुगत तेव्हा चार वर्षांचा.
मे बापाकडे, बाकी माझ्याकडे.
जूनचे ते उरलेले दिवस
सहा वर्षं कुणाचेच नव्हते,
म्हणजे माझे होते. मी बोलले नाही.

यंदा एप्रिलात त्याचा मेसेज आला:
मेऐवजी जूनचे शेवटचे दिवस देशील का
कायमचं
कोर्टात पुरसिस देऊ, खर्च माझा

लॅबमध्ये, दोन रक्ताच्या नळ्यांच्या मधे,
मी तो चारदा वाचला.
सापडले त्याला ते दिवस.
पण महिना देऊन बारा दिवस कोण मागतं?
काहीतरी असेल. नवी बायको असेल.
जांभुळकर मॅडम फोनवर म्हणाल्या, घेऊन टाका,
तुमचाच फायदा आहे.
फायदा हा शब्द दिवसभर
दातात अडकलेल्या धाग्यासारखा.

रविवारी सुगत टरबूज खात होता,
बिया ताटलीच्या काठावर ओळीनं लावत.
"बाबाचं घर वरच्या मजल्यावर आहे ना,
स्लॅब रात्रभर तापून राहते.
कूलरातलं गवत सडलं, गरमच हवा येते.
बाबा म्हणते, तुले त्रास होते."
एक बी सरळ केली.
"मग रात्री बारा वाजता बाबा गच्चीवर बादल्या ओतते.
चर्रर्र वाजते.
मग आम्ही तिथंच झोपतो अन् विमानं मोजतो.
मागच्या मेमध्ये एकशे बारा झाली.
मे मस्त असते तिकडे.
तू सांगू नको पण, मी म्हटलं म्हणून."

मी सांगितलं नाही.
पुरसिसमध्ये लिहून घेतलं:
सात (क) पूर्वीप्रमाणे कायम,
जूनचे शिल्लक दिवस निम्मे-निम्मे.
कोर्टाच्या व्हरांड्यात त्यानं कागद दोनदा वाचला.
"मे तसाच?"
"तसाच."
तो माझ्या चेहऱ्यावर कारण शोधत राहिला
आणि मी भिंतीवरच्या सूचना वाचत राहिले,
थुंकू नये, मोबाईल बंद ठेवावा.
टायपिस्टनं विचारलं, बदलाचं कारण काय टाकू?
मग स्वतःच टाकलं, "पाल्याचे हित".
सगळ्यांचं तेच असतं म्हणाला.

एक मेला सीताबर्डी स्टेशनवर
तो वरच्या फलाटाकडून आला, मी खालच्या.
सुगतच्या पाठीवर दप्तर, हातात बॅट,
आणि माझ्या काखेत वर्तमानपत्रात बांधलेल्या
वाळ्याच्या तीन नव्या ताट्या.
सरकत्या जिन्यावर लोक मान वळवून
वास कुठून येतो ते बघत होते.
"या कशाला," तो म्हणाला, आणि घेतल्या.
घरी जाऊन लावून बघेल,
तिन्ही बरोबर बसतील.

माप विचारावं लागलं नव्हतं.
परिशिष्ट ब, अनुक्रमांक अकरा:
कूलर, लोखंडी, एक, पतीकडे.
लग्नानंतरच्या पहिल्याच मेमध्ये
भर दुपारी आम्ही तो सायकलरिक्षावर घालून आणला.
तो पुढं दोरी धरून बसला होता
आणि मी मागून चालत होते,
पडू नये म्हणून हात लावून,
आणि पत्रा इतका तापलेला
की दर दहा पावलांनी हात बदलत.