नलिका दिसत नाही

फोंड्यात, बाजारामागे, दुसऱ्या मजल्यावर माझी खोली.
खिडकी नाही. शिशाचं दार.
यंत्र मीच चालवते, अहवालही मीच लिहिते.
हनुवटी इथं टेकवा. जीभ टाळूला. गिळू नका.
अकरा वर्षं हीच तीन वाक्यं.

आज मडकईचे कुष्टा गावडे, वय अडुसष्ट.
वरच्या दाढा दोन्हीकडच्या गेल्या, त्याला पंधरा वर्षं झाली.
कवळी रुमालात गुंडाळून खिशात.
चष्मा काढला, साखळी काढली,
करगोटा काढू का, विचारलं.
तो राहू द्या, म्हटलं.
यंत्र डोक्याभोवती एकदा फिरलं आणि थांबलं.
"इतकीच प्रदक्षिणा?"

पडद्यावर जबडा उभा चिरलेला,
पावाच्या कापांसारखा, एकामागून एक.
दात गेले की वरची पोकळी खाली सरकते,
वर्षानुवर्षं, कुणाला न विचारता.
यांचं हाड उरलंय चार मिलिमीटर.
डॉक्टर लुर्द फुर्ताद बाजूच्या भिंतीला खिडकी पाडतील,
आतला पापुद्रा अलगद उचलून
खाली भर घालतील, भर मुरली की खिळे.
पण त्याच भिंतीतून एक धमनी जाते.

माझ्या यंत्राला रक्त दिसत नाही.
रक्ताची वाट तेवढी दिसते,
पांढऱ्या हाडात एक काळा ठिपका,
तोही हाडानं जागा सोडली असेल तर.

उजवीकडे सापडला.
हिरडीच्या काठापासून चौदा मिलिमीटर वर, रुंदी दीड.
बाण काढला, आकडा लिहिला.
डावीकडे सगळे काप पुढे नेले, मागे आणले,
उजेड वाढवला, कमी केला.
पांढरं. नुसतं पांढरं.

कुष्टाबाब कधी माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले
कळलं नाही. तिथं यायचं नसतं.
"हो बांद?"
भिंत आहे, म्हटलं. तुमचीच.
"बांदच तो," म्हणाले, आणि रिकामी खुर्ची ओढली.

चाळीस वर्षं खाजनातली मानस सांभाळलेला माणूस.
रात्री कंदील घेऊन बांधावरून चालायचा
कुर्ल्यांची बिळं हुडकत.
ओहोटीला म्हणे बांध फार शहाणा दिसतो,
सुकी माती, वर गवत, एखादा बगळा.
भरती चढली की कुठूनसं
करंगळीएवढं पाणी बोलायला लागतं.
एका कंत्राटदाराला सांगितलं होतं, इथं खणू नको.
त्यानं वाकून पाहिलं, हात लावला, कोरडं होतं.
खणलं.
तीन वर्षं त्या शेतात भात नाही.
मीठ तेवढं पिकलं, तेही विकण्याजोगं नव्हे.

मग पडद्याच्या डाव्या अर्ध्यावर बोट टेकवलं,
काचेवर ठसा उमटेपर्यंत.
"दिसना म्हणून ना अशें न्हय."

हे मला शिकवलेलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं,
दोन गुणांना.
तरी अकरा वर्षं मी
'डावीकडे नलिका दिसत नाही' लिहून
पूर्णविराम देत आले,
आणि वाचणाऱ्यानं तो पूर्णविराम कसा वाचला असेल
याची चौकशी केली नाही.

आज पुढे एक ओळ घातली:
धमनी आहे असं धरूनच कापावं.
वाचून पाहिली. अहवालात अशी भाषा चालत नाही.
ठेवली.
लुर्दला फोनही केला. ती जेवत होती.
"डावीकडे?" म्हणाली, "बरं. सावकाश जाईन."

कुष्टाबाब कवळी बसवत होते,
आरशाशिवाय, एका अंगठ्यानं.
दाढा आल्यावर पहिलं काय खाणार, विचारलं.
तोंड नीट मिटल्यावरच उत्तर दिलं.
"कुर्ली. नांगी फोडून. हिशोब बाकी आसा."

जिन्यावर त्यांची पावलं,
प्रत्येक पायरी चाचपून,
सिमेंटची असूनसुद्धा.
काचेवरचा ठसा मी पुसला नाही.
पुढचा रुग्ण आत आला.
हनुवटी इथं टेकवा.