टोक

सेन्सर काढून द्या मामा, एवढंच,
ईशान वर्तक म्हणाला, आणि भोक बंद करा.
बाकीचं बाणेरचा लॅपटॉपवाला बघतो,
मग गाडी परत विचारणारच नाही
धूर किती तापलाय म्हणून.

धायरी फाट्याच्या अलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये
पांढरी हॅचबॅक जॅकवर.
टर्बो मूळच्यापेक्षा मोठा. डाउनपाइप कोल्हापुरात बनवून घेतलेला,
वेल्डिंग इतकं सुबक की मी नुसता हात फिरवत राहिलो.
बोपदेव घाटात परवा रात्री पिवळा दिवा लागला
आणि गाडीने दमच सोडला, म्हणे.

सेन्सर म्हणजे पेन्सिलीएवढी सळी,
मॅनिफोल्ड टर्बोला भेटतो तिथे खुपसलेली.
आठशे-नऊशे डिग्रीत उभी राहते
आणि एका वायरीतून सांगत राहते, बस.

आटे धरलेले. धरणारच.
काल संध्याकाळी तेल सोडलं, सकाळी पुन्हा.
वायर आत घेणारा फटीचा सॉकेट जुन्या बाजारातला,
विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं तो कशाला लागतो. वीस रुपये.
गंगाधरने गॅसची ज्योत धरली,
नट गुळाच्या रंगाचा झाला, मग लाल.
पाव आटा मागे, थोडा पुढे, परत मागे.
घाई करायची नाही रे, मी गंगाधरला म्हणालो,
ऐकवत होतो दुसऱ्याला.
कुईं करून सुटला.

हातात आली ती अपुरी सळी.
पुढचं टोक नव्हतं.

ईशान म्हणाला, चला, निघाला एकदाचा.
गंगाधरने माझ्याकडे पाहिलं.

टोक केवढं? ज्वारीच्या दोन दाण्यांएवढं.
पण त्याच्यापुढे वाट एकच, आणि त्या वाटेवर
पातळ पाती मिनिटाला लाखभर फेरे घेतात.
गंगाधरने दोरीला लोहचुंबक बांधून आत सोडला.
त्या धातूला चुंबक लागत नाही, मला माहीत होतं.
सोडू दिला.

सत्त्याण्णव साली स्वारगेटच्या वर्कशॉपात
माझ्या करंगळीचं पेर फॅनबेल्टमध्ये गेलं.
सगळे मला रिक्षात घालायला धावले,
एकटे दस्तगीरभाई इंजिनाखाली पालथे पडून
बॅटरी मारत ते शोधत राहिले.
नाही सापडलं. संध्याकाळी गिऱ्हाईक गाडी घेऊन गेलं,
सासवडचं होतं.
अजून कधी कधी ते टोक खाजतं,
खाजवायला जागा नाही.

मामा, बोल्ट मारून टाका ना.
शनिवारी महाबळेश्वर आहे, सहा गाड्या, तेरा जण.
बोल्ट होता माझ्याकडे. तांब्याचा वायसरही.
दोन मिनिटांचं काम.

मी विचारलं, दिवा लागायच्या आधी
काही आवाज आला होता?
गाणी मोठ्याने चालू होती, म्हणाला.
मग बूट टायरवर घासत, जरा वेळाने:
एक टिक् झालं होतं.
नखाने ताटलीवर वाजवावं तसं.

गंगाधर, टर्बो उतरव.
ईशानने किल्ली मागितली.
किल्ली माझ्या खिशात होती
आणि मी हात धुवायला गेलो,
साबणाची पूड चोळत राहिलो बराच वेळ,
नऊ बोटांना, आणि त्या एका अपुऱ्याला.